वानोळ्याची डाळ

नांपुला, मोझांबिक
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,
सविनय जयभीम.

कागद बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. फोनवर तू बोलतेस आणि मी नुसता हो-हो करतो. शिवाय खरेदीला आत खेड्यांत गेलो की फोनला रेंजच नसते. म्हणून अकोल्याला मिलमध्ये तुरीचे नमुने जातात, त्या पुड्यात ही चिठ्ठी टाकली. पुडा तुझा ललितच उघडतो. तो विसराळू असला तरी प्रियदर्शनी वहिनी त्याला जठारपेठेत स्वस्थ बसू देणार नाही, हिवरखेडची एसटी पकडायला लावेल.

इथं माझं काम एवढंच, की गावोगाव फिरायचं, लोकांच्या अंगणात काटा लावायचा, तूर दाताखाली धरून ओली की वाळकी ते बघायचं आणि पोती शिवायची. पोती नकाला बंदरातून बोटीत चढतात, मुंबईला उतरतात आणि ट्रकनं आपल्या अकोल्याच्या मिलमध्ये येतात. तिथं त्यांची डाळ होते. आठ महिन्यांपूर्वी मी तीच पोती अकोल्यात उतरवून घेत होतो, आता इथून चढवतो.

एक गंमत सांगतो. काल अमेलिया नावाच्या बाईच्या अंगणात काटा लावला. नवरा शहरात कामाला, पदरात तीन लेकरं, आणि शेतात नुसती तूर आणि मका. तूर अशी, की तू बघितली असतीस तर मुठीत घेऊन सोडली नसतीस. दुपार झाली तेव्हा तिनं मला जेवायला थांबवलं. मला वाटलं, आज वरण मिळणार! तर आला मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा, ज्याला ते शिमा म्हणतात, आणि कसल्याशा पाल्याची भाजी. तूर कुठं आहे, असं मी माझ्या मोडक्या पोर्तुगीजमध्ये विचारलं. तिनं काट्यावरच्या पोत्याकडं बोट केलं. म्हटलं, खात नाही? ती हसली आणि मलाच विचारलं, "तुम्ही एवढ्या तुरीचं करता काय? गुरांना घालता की रंग बनवता?"

या गावात तूर फक्त विकायला पेरतात, आत्या. पाऊस लांबला की मका संपतो आणि लोक एक वेळ जेवतात. घरात तूर नसते, कारण ती मी नेलेली असते.

तुझी तूर कशी आहे? गुडघ्याला लागली का?

तुझा
नागसेन


हिवरखेड
१५ सप्टेंबर २०२४

चि. नागसेन,
अनेक आशीर्वाद आणि एक रपाटा.

रपाटा कशासाठी, ते तुला कळलं असेल. नसेल कळलं तर दोन समज. त्या बाईच्या अंगणात काटा लावायच्या आधी तू विचारलंस का, की बाई, घरची काढली का? हिवरखेडात तू माझ्या हाताखाली वाढलास. इथं कोणाच्या घरी कधी आधी काटा लागलेला पाहिलास? आधी घरची काढायची, मग बियाण्याची, मग शेजारीपाजारी द्यायच्या वानोळ्याची, आणि उरेल ती बाजारात न्यायची. उलटं करणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात, ते मी कागदावर लिहीत नाही.

त्यांच्यात हा रिवाज नसेल, तर तू सांग. मी अंगणवाडीत पंचवीस वर्षं काढली, मला पोरांच्या हातापायांवरून कळतं घरात डाळ शिजते की नाही. नुसत्या मक्याच्या घाट्यावर लेकरू उंच होत नाही, त्याचं पोट तेवढं पुढं येतं. आपलं काय वेगळं होतं? लहानपणी आम्ही सकाळ-संध्याकाळ ज्वारीच्या कण्या खाल्ल्या. परवा प्रियदर्शनीनं अकोल्याहून त्याच कण्यांचं पाकीट आणलं. वर एक बाई पळताना दाखवली आहे. सूनबाई म्हणते, "आई, हे खूप हेल्दी असतं." मी म्हटलं, "बाप्पा! मंग आमी लहानपणी भल्ले श्रीमंत होतो म्हन!" ललित हसून हसून खाली बसला.

तर अमेलियाला वरण करून खाऊ घाल. तिथं जातं नसेल, पण मका कुटायला उखळ असेलच. तूर रात्रभर भिजव, दोन दिवस कडक वाळव, उखळात हलक्या हातानं कूट आणि पाखड. हळद, मीठ, लसूण टाक. तूप नसेल तर राहू दे. आणि पातळ करू नकोस. पातळ वरण वाढणारा मला आवडत नाही आणि खाणारा बघवत नाही.

माझी तूर डोक्याच्या वर गेली आहे. शेजारची आशाबाई काल दोन वावरांमधल्या धुऱ्यावर उभी राहून म्हणाली, "इंदूबाई, यंदा तुमची तूर पाहून मले वावरात यायची लाज वाटून राहिली." तिची तीस एकर काळी जमीन आणि माझे तीन एकर, तरी तिला लाज वाटते, म्हटल्यावर मी घरी येऊन साखर घालून चहा प्यायले. डॉक्टरला सांगू नको.

तुझी आत्या
इंदू


नांपुला
२३ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,
जयभीम.

तुझा रपाटा बोटीनं येऊनही जोरात लागला.

वरण केलं. अमेलियाच्या उखळाचं मुसळ माझ्याएवढं उंच आहे. मी कुटायला लागलो तर तूर उडून कोंबड्यांनी खाल्ली आणि सगळ्या आळीच्या बाया हसायला जमल्या. शेवटी अमेलियानं मुसळ हिसकून घेतलं. तिचं सूप आपल्यासारखं नाही, गोल टोपलीसारखं आहे, पण पाखडायचा हात अगदी तुझाच. लसूण मिळाला, हळद मी अकोल्याहून आणलेली होती. लेकरांनी आधी वास घेतला, मग बोट बुडवलं. धाकटीनं वाटी तोंडाला लावली ती खाली ठेवलीच नाही. अमेलियानं दोन घास खाऊन वाटी बाजूला ठेवली. मी विचारलं, आवडलं नाही का? ती म्हणाली, "आवडलं. हे मी इतकी वर्षं विकत होते, याचा राग आला."

मग मी तुझा नियम सांगितला. आता ज्या अंगणात जातो तिथं आधी विचारतो, की घरची काढली का. काही जण हसतात, काही जण काढतात. अमेलियानं उरलेल्या तुरीतलं एक पोतं आत नेऊन ठेवलं आणि दाराला पाठ लावून बसली, जसा काही मीच ते चोरणार होतो.

चंद्रभानकाका मात्र भडकले. ते आमचे इथले साहेब, मूळचे अचलपूरचे. त्यांना मुकादमानं चुगली केली, की नागसेन पोती कमी आणतो. मला समोर उभं करून म्हणाले, "काबे, तू खरेदीले आला का सैपाक शिकवाले? शेठले मी काय सांगू?" मी म्हटलं, काका, आपल्या घरी आई आधी घरची काढत नव्हती का? त्यांनी मला हातानंच जा म्हटलं. परवा मात्र अमेलियाच्या गावात काटा लावायला स्वतः आले, आणि निघताना हळूच मला विचारलं, "वरण हाये काय थोडं?"

नोकरी अजून आहे. तुझी तूर आता फुलावर असेल. नव्या डाळीचा वानोळा मला विसरू नको. इथं लाखो दाणे रोज हातातून जातात, पण तुझ्या जात्यावरची डाळ खाऊन वर्ष झालं.

तुझा
नागसेन


हिवरखेड
१० फेब्रुवारी २०२५

चि. नागसेन,
आशीर्वाद.

ललितच्या मिलचा माणूस तिकडं येतो आहे, त्याच्यासोबत दोन किलो डाळ पाठवते. नीट शिजव. वानोळा सगळ्यांना देऊन झाला, आशाबाईकडेही दिला.

तूर बरी झाली. माझी तब्येत बरी आहे. थंडी यंदा फार होती.

अमेलियाच्या लेकरांना विचारल्याचं सांग.

तुझी आत्या


नांपुला
१६ मार्च २०२५

प्रिय आत्या,
जयभीम.

डाळ मिळाली. पत्र एवढंसं का आलं, हा विचार करतच पिशवी सोडली. आणि डाळ हातात घेतल्या घेतल्या मला उत्तर मिळालं.

तू रागावशील, पण मी लिहिणारच. आत्या, ही डाळ आपल्या वावरातली नाही. तुझ्या जात्यावरच्या डाळीच्या कडा तुटलेल्या असतात, चुरी असते, तेलाचा हात लावल्याचा वास येतो. ही डाळ एकसारखी आणि चकचकीत आहे, म्हणजे मिलची. आणि तळाला एक दाणा न फुटलेला सापडला. बारीक, लालसर ठिपक्यांचा. असा दाणा हिवरखेडात कोणाच्या वावरात पिकत नाही. तो इथं पिकतो. गेल्या वर्षी मी काटा लावून नेलेल्या तुरीतला असणार. इथून अकोल्याची मिल, मिलमधून जठारपेठेतलं दुकान, दुकानातून तू, आणि तुझ्याकडून परत मी. एवढा प्रवास मी स्वतः केलेला नाही.

मी चिडलेलो नाही. मला भीती वाटते आहे. तूर झाली नाही का? घरात काय शिजतं? ललितला फोन केला तर तो म्हणाला, आईनं बोलू नको म्हणून शपथ घातली आहे. तू आजारी आहेस का? उत्तर खरं पाठव. नाहीतर मी चंद्रभानकाकांना सांगून विमानात बसतो.

डाळ शिजवली. खाल्ली पण. तू पाठवलेली होती म्हणून.

तुझा
नागसेन


हिवरखेड
२० एप्रिल २०२५

चि. नागसेन,
आशीर्वाद.

जयंतीची गडबड संपली, आता निवांत बसून लिहिते.

तू तुरीचा पारखी झालास, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. माझ्या डोक्यात तू अजून शाळेचा डबा विसरणाराच आहेस. चोरी करावी तर ती पोलिसाच्या घरी करू नये, हे मला या वयात कळलं.

मी आजारी नाही. डिसेंबरात तूर फुलाला आली आणि आठवडाभर अशी धुवारी पडली, की सकाळी धुऱ्यावरून वावर दिसत नव्हतं. फुलांचा सगळा बार गळाला. खाली जमीन पिवळी आणि वर झाडं रिकामी. वर आलेल्या चार शेंगा पोचट निघाल्या, त्या शेळीनं खाल्ल्या. माझं वावर नाल्याकडचं आहे, तिथं धुवारी बसून राहते. आशाबाईची तूर उंचावर आहे, ती वाचली. उपाशी मी नाही राहत. पेन्शन नाही, पण ललित आहे. घरात दुकानातली डाळ शिजते, रोज. मग खोटं कशाला बोलले, ते ऐक.

माझी आई, म्हणजे तुझी आजी, सर्वा वेचायची. तुझ्या पिढीला हे सांगावं लागतं. मालकाची तूर कापून झाली की वावरात ज्या शेंगा गळून राहतात, त्या मजुरांच्या बायांनी वेचून न्यायच्या. त्यालाही मालकानं हो म्हणावं लागायचं. आम्ही केशवरावांच्या वावरात जायचो, म्हणजे आशाबाईच्या सासऱ्याच्या. मी आईच्या मागं फिरायची. दिवसभर वाकून पदरात मूठ-दोन मुठी पडायच्या. त्याचं वरण एवढं पातळ, की ताटलीच्या तळाचं फूल स्पष्ट दिसायचं. त्या गावात डाळ पिकवायला आमचे हात होते आणि खायला दुसऱ्यांची तोंडं.

मग माझी नोकरी लागली, तुझ्या आतोबांनी आणि मी मिळून तीन एकर घेतलं आणि पहिली तूर झाली. पहिला वानोळा मी केशवरावांच्या घरी नेला, पुढच्या दारानं. आशाबाई तेव्हा नवी सून होती. तिनं सुपात घेतला. परत येताना मी रस्त्यात रडले, आनंदानं. त्या दिवशी मी ठरवलं, की आता या घरातून दाणा बाहेर जाईल, पण कोणाच्या घरचा दाणा आत येणार नाही. आणि एवढी वर्षं आला नाही.

यंदा द्यायला काही नव्हतं. म्हणून ललितकडून डाळ आणवली, पुड्या बांधल्या आणि दरवर्षीप्रमाणे घरोघर दिल्या. तुलाही पाठवली. फेब्रुवारीत आशाबाई स्वतः पायलीभर तूर घेऊन दारात आली. म्हणाली, "ठेवा इंदूबाई, भरपूर हाये आमच्याइथं." मी म्हटलं, "माह्या घरी हाये." ती पायली घेऊन परत गेली.

हे तुझ्यात आणि माझ्यात राहू दे. आणि विमानाचे पैसे उडवू नको.

तुझी आत्या
इंदू


नांपुला
७ सप्टेंबर २०२५

प्रिय आत्या,
जयभीम.

तू सांगितलंस की तुझ्यात आणि माझ्यात राहू दे. मी ते मोडलं. जे काही बोलायचं ते पत्र पूर्ण वाचून बोल.

इथं यंदाची तूर निघाली. अमेलियाच्या अंगणात काटा घेऊन गेलो तर तिनं मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. म्हणाली, थांब, घरची काढायची आहे. गेल्या पावसात तिच्याकडे मका संपला तेव्हा त्या एका पोत्यानं घर चाललं. शेजारणींना आधी हसू यायचं, आता त्या उसनी मागायला येतात. यंदा गावातल्या अर्ध्याअधिक घरांनी घरची काढली. शेठला पोती कमी गेली खरी, पण चंद्रभानकाकांनी वर कळवलं की यंदा पीकच तेवढं होतं. अचलपूरचा माणूस, खोटं बोलताना मिशीसुद्धा हलली नाही.

अमेलियानं विचारलं, तुझ्या आत्याची तूर कशी झाली? गेले चार महिने ती विचारते आहे आणि मी काहीतरी सांगून टाळतो आहे. या वेळी टाळता आलं नाही. मी धुवारीचं सांगितलं. तुझ्या आईचं सांगितलं. तू कोणाचं घेत नाहीस, तेही सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं आणि ती आत गेली. घरची म्हणून काढलेल्या ढिगातून तिनं टोपलीभर तूर घेतली. विकायच्या ढिगातून नाही. दोन दिवसांनी तीच डाळ कुटून, पाखडून, फडक्यात बांधून माझ्याकडे आणली. म्हणाली, "तिला सांग, ही मी दान देत नाही. आधी घरची काढ, हे तिनं मला सांगितलं होतं. माझ्या घरात तीही आहे."

चंद्रभानकाका सुट्टीवर येत आहेत, ते स्वतः हिवरखेडला येऊन देतील. आत्या, परत पाठवू नको. तिला काय सांगायचं ते मला सुचणार नाही. आणि खरं सांगू? तू नाही म्हणालीस तर मला फार वाईट वाटेल.

तुझा
नागसेन


हिवरखेड
१९ ऑक्टोबर २०२५

चि. नागसेन,
अनेक आशीर्वाद. अमेलियालाही सांग.

तुझे चंद्रभानकाका आले. तीनदा चहा प्याले आणि फडकं माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "बाई, मले परत न्यायले सांगू नका, विमानात वजन भरते." मी त्या दिवशी फडकं सोडलं नाही. भिंतीतल्या देवळीत ठेवलं. येता-जाता बघायची. दुसऱ्या दिवशीही सोडलं नाही. मनात म्हणायची, इंदू, तुझा हट्ट मोठा की त्या अमेलियाचं मन मोठं?

तिसऱ्या दिवशी सोडलं. डाळ बारीक, थोडी जाडीभरडी, एक-दोन सालं राहिलेली. कुटणाऱ्या हाताची डाळ होती, लगेच ओळखली. आणि मला कोणी बघत नव्हतं म्हणून मी ओंजळीत घेऊन तोंडाला लावली. रडायला आलं, पण जास्त नाही.

त्या डाळीचे वाफवून फुणके केले आणि कढी. घट्ट कढी. एकटीनं खायचा जीव होईना, म्हणून आशाबाईला हाक मारली. ती आली, दोन खाल्ले, तिसरा घेतला. म्हणाली, "डाळ कोठची व? चव अलगच हाये." मी पुड्या बांधून देणारी बाई, जिभेवर "माह्या वावरातली" हेच आलं होतं. पण अमेलियाचा घास तोंडात ठेवून खोटं बोलवेना. सांगितलं सगळं. धुवारी, दुकानातली डाळ, वानोळ्याच्या पुड्या, तू, आफ्रिका, सगळंच.

आशाबाई खात राहिली. मग म्हणाली, "तवाच समजलं व्हतं मले. मिलची डाळ मले समजत नाही का? पुडी सोडल्या बराबर समजलं."

मी म्हटलं, "मंग बोलल्या कावून नाही?"

"काय बोलू? तुमी देत होत्या, मी घेतली."

नागसेन, एवढी वर्षं मला वाटायचं की देणारी मी आहे, म्हणून मान माझा. त्या बाईनं दुकानातली डाळ माझ्या हातची म्हणून मुकाट्यानं घेतली, शिजवली, खाल्ली, आणि वर माझ्या दारात पायली घेऊन आली. आणि मी ती परत पाठवली. मला स्वतःचाच राग आला, मग हसू आलं, आणि मग मोकळं वाटलं. फार दिवसांनी इतकं मोकळं वाटलं.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. ती ओट्यावर सुपात तूर निवडत बसली होती. मला बघून म्हणाली, "या ना, इंदूबाई. काही काम होतं का?" मी म्हटलं, "डाळ पाहिजे होती थोडी. घरची संपली."

ती उठली नाही. तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "इतके साल तुमची डाळ खाल्ली मी, बाई. माही खायले तुमाले काय झालं व्हतं?"

मी डबा पुढं केला.

तुझी आत्या
इंदू